नाहीचं पालुपद

नलिनीअक्का, आणि हातातली कामं टाकून या हॉलमध्ये आलेल्या मंडळींनो,

शाळेत कविता म्हणायला उभा राहिलो की मी पहिली ओळ विसरायचो. मग गुरुजी ती हळूच पुटपुटायचे आणि पुढची कविता आपोआप यायची. आज तसंच झालंय. पहिली ओळ आठवत नाही. आणि पुटपुटायला कुणी नाही.

केशवअण्णा गेले. हीच ती ओळ. म्हणवत नव्हती.

तुम्ही त्यांना मंडळाच्या गणपतीत आरतीची पट्टी चुकवणारे अण्णा म्हणून ओळखता. मला ते भेटले कॅज्युअल्टीतले डॉक्टर म्हणून, मुक्तामुळे. मुक्ता माझी मुलगी. इथे बंगळुरात, सर्जापूर रोडला तिच्याकडेच मी राहतो. एका दुपारी ती म्हणाली, "बाबा, खोल श्वास घेतला की छातीत दुखतंय."

मंडळी, हे वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं. तिच्या आईच्या तोंडून. तिचा पाय मोडला होता, प्लास्टरमध्ये होता. पायात रक्ताची गाठ झाली, ती फुफ्फुसात जाऊन अडकली. दिवस मावळायच्या आत ती गेली.

म्हणून तिला घेऊन कॅज्युअल्टी गाठली आणि दारातूनच मी स्कॅन मागितला. आपल्याकडे माया अशीच मोजतात ना? जितक्या तपासण्या, तितकी काळजी.

अण्णा त्यांच्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाले, "स्वल्प बसा, काका." आणि स्टूल ओढून मुक्तासमोर बसले. ईसीजी पाहिला, छाती ऐकली. बरगडी दाबली, तर एका जागी ती कळवळली. त्याआधी बरेच दिवस खोकत होती. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. पूर्वी कधी रक्ताची गाठ? नाही. अलीकडे ऑपरेशन, मोठी दुखापत? नाही. एखादा पाय सुजलाय? नाही. थुंकीतून रक्त? नाही. हार्मोनच्या गोळ्या?

"नाही," मीच म्हणालो.

अण्णांनी मान वळवली. "काका, परीक्षा तिची आहे. तुम्ही मागून सांगू नका."

मुक्ता हसली, आणि हसताना दुखलं म्हणून बरगडी धरली. मग तिनं स्वतः सांगितलं, नाही. नाडी शांत होती, ऑक्सिजन छान होता, वय पन्नाशीच्या बरंच आत. मी आयुष्यभर कवितांची पालुपदं गुणगुणलो, पण इतकं गोड पालुपद ऐकलं नव्हतं. नाही. नाही. नाही.

अण्णा म्हणाले, तिला पाहूनच गाठ वाटत नव्हती, आता एकही उत्तर हो आलं नाही. खोकून बरगडी दुखावली आहे, स्कॅन नको. मी म्हणालो, हिची आई अशीच गेली हो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आईचा पाय प्लास्टरमध्ये होता. हिचा आहे का?"

"नाही," मी म्हणालो. या वेळी त्यांनी मला अडवलं नाही.

मी पक्की खात्री मागितली. ते म्हणाले, तशी खात्री स्कॅनही देत नाही. पण इथे शंका एवढी लहान आहे की तपासणीचाच त्रास मोठा होईल. किरणं, शिरेतलं औषध, स्कॅनमध्ये दिसलेली एखादी पुसट सावली, आणि मग रक्त पातळ करायच्या नको त्या गोळ्या. दम लागला, पाय सुजला, चक्कर आली, तर मात्र त्याच पावली परत या. सरी? म्हणजे, ठीक आहे ना?

सरी, अण्णा. मुक्ता बरी झाली.

त्यांना कर्करोग झाल्याचं आपल्याला उशिरा कळलं. शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर एका सकाळी त्यांना दम लागला. त्यांच्या उशाशी बसलेल्या अक्कांनी मला सांगितलं, तिथला तरुण डॉक्टर अण्णांच्याच हाताखाली शिकलेला. तो तेच प्रश्न विचारायला बसला. अण्णांनी त्याचा हात धरला. "हे मला नको, बाळा. ज्याच्याबद्दल मन आधीच नाही म्हणतं, त्यालाच हे विचारायचे. मला सरळ स्कॅनला ने."

गाठ होती. उपचार झाले. अण्णा राहिले नाहीत.

माझ्या मुलीला त्यांनी निर्धास्त 'नाही' दिलं. स्वतःला खोटं 'नाही' दिलं नाही. असा माणूस पुन्हा कुठे शोधायचा, अक्का?

मुक्ता मागच्या रांगेत उभी आहे. त्या दुपारी निघताना अण्णा तिला म्हणाले होते, वरवरचा श्वास घेत राहू नकोस.

मंडळी, उभे राहूया. कुणी काही बोलू नका. सगळ्यांनी एक खोल श्वास घ्या.

दुखेल. तरी घ्या.