हौसाचा खेकडोबा

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि मला एक सांगा — वाट दाखवणाऱ्याला सगळी वाट ठाऊक असायलाच हवी का? माना डोलवू नका हो, विचार करा! ते मागचे काका तर झोपेतच डोलताहेत!

पोरांच्या गोष्टी आठवा. राजकन्या रानात चुकते. वाट दाखवायला कोण येतं? ससा येतो! कासव येतं! पोपट तर येतोच येतो! एखादा तहसीलदार आल्याचं ऐकलंय कधी? का येत नसेल? तर ऐका.

डोंगराच्या कुशीत एक गाव. नाव झरेवाडी — आणि झराच आटलेला! बाया दोन कोस चालून पाणी आणायच्या. गावात रावजी नावाचा विहिरी खणणारा. तो म्हणाला, "झरा जिथून येतो त्या गुहेत शिरून बघतो." खांद्यावर पहार टाकली नि गेला. एक दिवस झाला, दोन झाले — रावजी परत नाही! चावडीवर पंचांची बैठक बसली. बसली ती बसलीच! उठेल तर शपथ!

रावजीची मुलगी हौसा. वय वर्षं दहा. सकाळीच कोरड्या झऱ्यापाशी जाऊन रडत बसली. तेवढ्यात दगडाखालून आवाज आला, "रडून झरा भरायचा विचार आहे का?"

बघते तर — खेकडा!

"तू बोलतोस?"

"घर कोरडं पडलं की कोणीही बोलतं! बापाला शोधायचंय ना? चल माझ्यामागून. सरळ!"

सरळ म्हणाला, आणि निघाला कसा? तिरका! हौसा म्हणाली, "अरे खेकडोबा, आधी तू तरी सरळ चाल!"

"मी सरळच चालतोय. तुझं तोंड तिरकं आहे!"

झालं! भांडण जुंपलं! गुहा आली — भांडण चालू. अंधार झाला — भांडण चालू! पुढे खेकडा नांगी वाजवतोय, कट कट कट. त्या आवाजामागून हौसा. डोक्यावरून वटवाघळं गेली, तर ही त्यांनाच विचारते, "तुम्हीच सांगा हो, कोण तिरकं?"

चालता चालता कट कट थांबलं. पुढे गुहेला तीन तोंडं फुटलेली, तिन्हीकडे काळोख.

"आता कुठे?" हौसा म्हणाली.

"मला काय ठाऊक? मी इथवरच आलोय आजवर."

"मग आणलंस कशाला मला?"

खेकडा हळूच म्हणाला, "पोरी, एकटी असतीस तर गुहेच्या तोंडाशीच माघारी फिरली असतीस. माझ्याशी भांडताना भ्यायचं विसरलीस. माझं काम एवढंच होतं. आता हाक मार."

आत्ता कुठे भीती आठवली बिचारीला! पण मागे फिरली नाही. छाती भरून हाक मारली, "आबाऽऽ!"

डावीकडून उत्तर आलं. काय आलं? खोकला! तंबाखूचा, खडखडीत! या खोकल्याला आई रोज शिव्या घालायची; आज हौसाला तो सनईसारखा वाटला!

धावली. रावजीचा पाय दरडीखाली अडकलेला. ओठ सुकलेले.

"हौसे! तुला कोणी आणलं गं?"

"खेकड्यानं."

"अरे देवा, डोक्यालाही लागलंय वाटतं माझ्या!"

दोघांनी पहार लावली. बापानं जोर केला, लेकीनं पहारीवर अंगच टाकलं. दगड हलला, पाय सुटला — आणि त्यामागं तुंबलेलं पाणी, मंडळी, खळाळत सुटलं! लेकीच्या खांद्यावर हात टाकून रावजी लंगडत बाहेर आला. पाणी त्यांच्याआधीच गावात पोचलं होतं. पंच उठले — धोतरं भिजली म्हणून!

खेकडा पाण्यात मजेत बसला होता. हौसानं लाख आर्जवं केली, पण एक अक्षर बोलला नाही. काम झाल्यावर बोलत राहणारे आम्ही, कीर्तनकार!

तर सांगा, कळलं का, गोष्टीत प्राणीच का येतात? शहाणा माणूस आला की आपला हात धरायचा सोडून आधी नकाशा मागतो. जनावर नुसतं सोबत येतं. आणि आपण? आपल्याला गुरू हवा तो मोठ्या मठाचा, शेवटच्या पायरीपर्यंत पोचवण्याची हमी देणारा! देव काय करतो — दाराशी साधासा सोबती धाडतो. कोणाची चिडकी सासू, कोणाचा बडबड्या शेजारी. आणि आपण, मंडळी, आपण काय करतो? खेकडा दिसला रे दिसला — मसाला वाटायला घेतो!