सुजीची भूक

मीनाबाई : ...ते बिस्किट खाली ठेव, यशवंता.

यशवंत : रडतीया ती, आक्का.

मीनाबाई : रडू दे की. आत्ता माझ्यासमोर दुधात भाकर कुस्करून खाल्लीया तिनं. पोटात जागा तरी हाय का? सुजे, जा बाळा, अंगणात खेळ जरा.

यशवंत : तू काल होटगीवरनं आलीस, आन् लगीच शिकवायला लागलीस. मी गिरणीतनं आलो की माझं तोंड बघून हिचं सुरू होतंय. तवर नागूबाई सांभाळती, म्हणून बरं.

मीनाबाई : त्या शेजारणीलाबी इचारलं मी. पोर रडली की गूळ-शेंगदाणे, रुसली की पाव. म्हणती, ‘यशवंतानंच सांगितलंय, रडू द्यायचं न्हाय पोरीला.’

यशवंत : आई न्हाय तिला.

मीनाबाई : माझी भावजय व्हती यमुना. मला सांगतोस व्हय?

यशवंत : मग? दुष्काळात सुकडीसाठी रांगेला लागलेली पोरं बघितल्यात मी. माझी पोरगी पोटभर खातीया, तर तुझ्या का पोटात दुखतंय?

मीनाबाई : बोल. काय बोलायचं ते बोल. पण आज काय झालं ते ऐक. बालवाडीत सोडायला निघाले, तर वाटंतच खाली बसली. धाप लागली तिला. पाच वर्सांची पोर, रं! कशीबशी दारापतुर न्हेली, तर आतली पोरं वरडायला लागली, ‘भोपळा आला, भोपळा आला.’

यशवंत : कोण म्हणालं?

मीनाबाई : सगळीच. आन् सुजी हसली. त्यांच्यासंगं हसली ती. मला बघवंना.

यशवंत : मला कधी बोलली न्हाय.

मीनाबाई : बोलायला तोंड मोकळं असतंय का तिचं?

यशवंत : मग काय केलंस?

मीनाबाई : तशीच दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी वजन केलं, छाती तपासली. म्हणाल्या, रोग काय न्हाय, पण वजन लई हाय. मग इचारलं, ‘हिला भूक लागल्यावर खायला देता, की रडल्यावर?’

यशवंत : मी वाईट करतोय असं म्हणायचंय का तुला?

मीनाबाई : तिला होटगीला न्हेते मी. माझ्या पोरांत खेळंल, वेळेवर जेवंल.

यशवंत : न्हाय. ती पण गेली, तर मी ह्या घरात कुणासाठी येऊ?

मीनाबाई : मग एक सांग. यमुना कुटं हाय म्हणून सांगितलंयस तिला?

यशवंत : ...दवाखान्यात.

मीनाबाई : अजून? आरं देवा... काविळीनं गेली त्याला वरीस व्हत आलं!

यशवंत : सांगणार व्हतो. जिभंवर येतंय आन् परत जातंय.

मीनाबाई : म्हणून पळाली तर ती! दवाखान्यात पाय ठेवला आन् माझा हात सोडून पळत सुटली. ती धाप लागलेली पोर! खाटंखाटंपाशी जायची, चादर बाजूला करायची, बघायची. नर्सबाई वरडायला लागल्या. शेवटी मलाच इचारलं, ‘आत्त्या, आई कुठल्या खाटंवर हाय?’

यशवंत : तू काय सांगितलंस?

मीनाबाई : काय सांगू? पिशवीत पाव व्हता. तोच काढून हातात दिला. गप झाली. तवा मला तुझं कळलं, यशवंता.

यशवंत : यमुनाला दवाखान्यात न्हेलं, त्या दिवशी लई रडली गं सुजी. दारच सोडंना. मला काय सुचंना. कोपऱ्यावरनं बिस्किटाचा पुडा आणला, तर गप बसली. वाटलं, हे तरी जमतंय आपल्याला. वेणी घालाया येत न्हाय, गोष्ट सांगाया येत न्हाय. पुडा आणता येतोय.

(सुजाता दारात येऊन उभी राहते.)

सुजाता : दादा, भूक लागली.

यशवंत : ये. हितं माझ्या मांडीवर बस.

सुजाता : बिस्किट देणार?

यशवंत : आदी एक सांगायचंय. सुजे, आई दवाखान्यात न्हाय.

सुजाता : मला म्हाईत हाय. मी सगळ्या खाटा बघितल्या.

यशवंत : ती मेली, बाळा. आता येणार न्हाय. मी तुला खोटं सांगितलं व्हतं.

सुजाता : भूक लागली, दादा.

यशवंत : कुटं लागली? हात लावून दाखव मला.

सुजाता : हितं.

यशवंत : हा गळा झाला. पोटात न्हाय का?

सुजाता : पोटात न्हाय. हितंच. दुखतंय.

मीनाबाई : यशवंता, दे रं तिला एखादं. मला न्हाय बघवत.

यशवंत : राहू दे, आक्का. रड, सुजे. मलाबी तितंच दुखतंय.