न तळायच्या कुरडया

(पारोळ्याजवळचं एक गाव, एप्रिल १९९१. अंगणात खाटेवर धोतर अंथरलेलं. सुनंदा सोऱ्याने कुरडया घालतेय. तिचे सासरे चुडामण आबा कावळे हाकलतात. सुनंदाची नऊ वर्षांची मुलगी तानू खाटेशेजारी. शाळेचे रुपचंद गुरुजी एक कागद घेऊन आलेत.)

सुनंदा : सही मी करणार नाही, गुरुजी. पाणी घ्या.

गुरुजी : रागावू नका, सुनंदाबाई. वर्ष झालं, पोरगी शाळेत नाही. पटावर नाव ठेवू कसं? नाव कमी करायचा अर्ज घरच्यांनीच द्यायचा असतो. तिचा बाप धनसिंग जळगावला डाळ मिलमध्ये, म्हणून आबांचा अंगठा चालेल. शाई आणलीय मी.

आबा : अंगठा मन्हा शे. तो कोठे लावाना ते मीच ठरावसू.

गुरुजी : मागच्या वर्षी तर तुम्हीच म्हणत होता, सुनेनं घरात शाळा मांडली आणि पोर झाकून ठेवली, गावात तोंड कसं दाखवू म्हणून.

आबा : म्हनेल शे. तवय माले काय माहीत?

गुरुजी : शाळेत काय व्हायचं ते गावानं पाहिलंय. तास बदलला की कान दाबून किंचाळायची, भिंतीवर डोकं आपटायची. चाळीस पोरं आणि मी एकटा. तिला अक्षर येणार नाही, हे मी तोंडावर सांगितलं. खोटी आशा लावणं मला जमत नाही.

सुनंदा : त्या दिवशी मी रडले खूप. मग म्हटलं, भुसावळला रेल्वे क्वार्टरात राहून दहावी केलीय, चार अक्षरं घरी शिकवता येतीलच. पाटी दिली, ती फोडली. पेन्सिल दिली, ती चावून खाल्ली. पण मी कुरडया घालायला बसले की ही हलायची नाही इथून. म्हणून सोऱ्याला एका भोकाची चकती लावली आणि गव्हाच्या चिकानं अक्षरं घातली. तिच्या नावाचा त सगळ्यात मोठा. वाळला की ती त्यावरून बोट फिरवत बसायची.

गुरुजी : बोट फिरवणं म्हणजे अक्षर ओळखणं नव्हे, बाई.

सुनंदा : मलाही तीच शंका होती. ती आबांनी मिटवली.

आबा : ऱ्हाऊ दे ना ते, सुनंदा.

सुनंदा : सांगणारच. मी विहिरीवर गेले होते. खाटेवर अक्षरं वाळत होती. आबांना वाटलं, सुनेच्या कुरडया बिघडल्या.

आबा : वाकड्यातिकड्या व्हत्यात. वाया कसाले घालू? तेलमा तळ्यात नी चार-पाच खाई टाक्यात. चांगल्या लागन्यात, खोटं कसाले बोलू?

सुनंदा : ही झोपेतून उठली, खाटेवर बोट फिरवत आली आणि रिकाम्या जागेवर थांबली. मग सगळं घर शोधलं. डबे उघडले, अंथरुणं झटकली. शेवटी आबांच्या थाळीसमोर उभी राहून म्हणाली, 'त'. तोवर तिनं मला आई म्हणूनही हाक मारली नव्हती, गुरुजी.

आबा : पोरनं अक्षर मी खाई टाकं. त्या दिनपाईन खाट मी राखस.

गुरुजी : ऐकून बरं वाटलं. पण मला वर तालुक्याच्या साहेबांना दाखवायला काहीतरी हवं ना? तानू, इकडे ये. ही पाटी घे. 'कमळ' लिही. बघा, गेली खाटेखाली.

सुनंदा : तिला वेळ लागतो. त्या 'त'नंतर मी चिकानं रोज शब्द घालतेय, ती बोटानं गिरवते.

गुरुजी : वर्ष दिलं की. आबा, द्या अंगठा. तिच्याच भल्यासाठी सांगतोय.

सुनंदा : आबा, नका देऊ. एकदा पटावरून गेली की उद्या कुणी तिला माणसातही धरणार नाही.

आबा : थांबा, गुरुजी. पाटीवर माले तरी लिव्हता येस का? पन नांगर धराले सांगा, मंग देखा. सुनंदा, तो सोऱ्या तिले दे. नी आपुन तिन्ही गप बसूत.

सुनंदा : घे, तानू. चीक कोमट आहे. गुरुजींना काय सांगायचंय ते सांग.

गुरुजी : आली की बाहेर! खाटेवर सोऱ्याची फिरकी फिरवते की ही!

सुनंदा : बोलू नका, गुरुजी.

आबा : काय लिखी ऱ्हायनी? माले वाचता येस नही, कोनी तं सांगा.

सुनंदा : 'घंटा नको.'

गुरुजी : घंटा. वर्गाच्या दाराशी टांगलेली. आणि हिला दारालगत बसवलं होतं, मीच, नजरेसमोर राहावी म्हणून. दर तासाला तिच्या डोक्यावर टोल. बाई, मी तिला वेडी समजलो.

सुनंदा : मलासुद्धा आजच कळतंय. वर्षभर मी शिकवतच राहिले, विचारलं कधीच नाही.

गुरुजी : हा कागद चुलीत घाला. सोमवारी परीक्षा आहे. पेपर घेऊन मीच इथे येईन. घंटा शाळेत राहील, पाटीही.

आबा : नी उत्तरं कशी नेशात?

गुरुजी : वाळली की परातीतून नेईन, आबा. साहेबांच्या टेबलावर ठेवीन.

सुनंदा : असे उपाशी जाऊ नका, गुरुजी. चार कुरडया तळते.

आबा : तळ. पन त्या डब्बामाधल्या. हाई खाटले कोनी हात लावानं नही.