जावईबापू समुद्र गोड करतेत

आता तुम्हीच सांगा, आपल्या संभाजीनगरात समुद्र कुठंय? पार सिल्लोडपस्तोर जा, सापडला तर मला फोन करा! पण आमचे जावईबापू, त्रिंबकराव, ते तिकडं गुजरातेत समुद्राच्या काठी इंजिनेर हायेत, तिथं म्हणे शेकडो आरशांनी ऊन एका जागी आणायचं, त्या उष्णतेवर समुद्राचं पाणी उकळायचं, वाफ धरायची, गार करायची, की झालं गोड पाणी! मीठ राहतं बुडाला. मीच गुलमंडीभर सांगत हिंडायचो, आमचे जावईबापू समुद्र गोड करतेत... मला काय ठाऊक, तो समुद्र एक दिवस माझ्याच गच्चीवर चढणार हाय?

झालं काय, गावाकडचं वावर सांभाळून आम्ही शहरात घर बांधलं, बोअर घेतला, धो धो पाणी लागलं, मी गल्लीत पेढे वाटले, अन् मंग पहिला घोट घेतला... खारट! डाळ शिजंना, साबणाला फेस येईना, चहात दूध टाकलं की फुटलंच. नळ आमच्या गल्लीत अजून आलाच नाय. आमच्या मंडळीनं, वच्छलानं, दोन उन्हाळे कसेबसे काढले, तिसऱ्याला पिशवी भरली. "गोड पाणी झालं की निरोप धाडा," म्हणली अन् सिल्लोडला भावाकडं निघून गेली. भांडली नाय, भांडी आपटली नायत, त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. तुम्हाला सांगतो, घर खायला उठलं हो! बोलायला कुणी नाय ते नाय, रागवायलासुद्धा कुणी नाय!

अशात त्रिंबकराव सुट्टीला आले. बोअरचं पाणी चाखलं, तोंड वाकडं केलं अन् लगेच खूशही झाले. "मामा, हा तर छोटा समुद्रच हाय. मामी परत येतील, बघा तुम्ही." मामी येतील म्हणल्यावर मी काय, विहीरसुद्धा खांदली असती!

छावणी भागात एक सलून मोडीत निघालं होतं, तिथले आरसे आणायला गेलो, तर तो दुकानवाला विचारतो, "काका, इत्ते आईने? इस उमर में?" आता त्याला काय सांगू, बायकोसाठीच हायेत म्हणून! मंग हिचा मोठा कुकर काढला, जावईबापूंनी त्याला काळाकुट्ट रंग दिला, शिट्टीच्या जागी नळी बसवली, नळीवर ओलं गोणपाट, खाली तांब्या. गच्चीवर मधोमध कुकर, आत बोअरचं पाणी, अन् आरसे सगळे कुकरकडं तोंड करून.

पण सूर्य एका जागी बसतो का? तो सरकला की आरसे सरकवायचे. तिकडं म्हणे मशीन फिरवतं. इथं मशीन कोण? मी! जावयाला उन्हात उभं करता येतंय व्हय, लेकीला काय तोंड दाखवू? म्हणून जावईबापू जिन्याच्या सावलीत खुर्चीवर, हातात पन्ह्याचा पेला, अन् मी डोक्याला पंचा बांधून सूर्याच्या मागं मागं. "मामा, थोडं डावीकडं... मामा, सूर्य सरकला..." आरं, सूर्य सरकला ते मला टाळूवर कळतंय! जावईबापू समुद्र गोड करतेत, सासरा घामानं खारट होतोय!

त्यात एक आरसा हातातून सटकला, झोत गेला शेजारच्या गच्चीवर. मनकर्णाबाईंनी कुरडया वाळत घातलेल्या. त्या कठड्यावर येऊन शांतपणे म्हणल्या, "काकासाहेब, कुरडया तुम्ही भाजूनच दिल्यात, आता खाऊनही टाका." खाल्ल्या.

दिवस मावळला तेव्हा एक तांब्या भरला. एक! पण काय पाणी सांगू, काचेवानी! मी लगोलग निरोप धाडला, अन् वच्छला सकाळच्या एसटीनं दारात हजर. आधी नजर गेली कुकरवर. मंग माझ्यावर. पण जावयानं रंगवलेल्या कुकरबद्दल सासू बोलणार कशी? गिळलं तिनं. तांब्या उचलला, घोट घेतला. माझा जीव टांगणीला. पिशवी अजून तिच्या खांद्यालाच होती हो!

"गोड हाय जावईबापू, लई गोड," म्हणली, अन् तांब्या घेऊन सैपाकघरात शिरली. मी मागं गेलो. मला हळूच म्हणती, "अहो, पाण्याला काय चवच नाय. मेलं पाणी हाय हे." अन् काय करावं तिनं? कुकरच्या बुडाला पांढरं मीठ धरलं होतं, ते चमच्यानं खरवडलं, तांब्यात टाकलं, ढवळलं, अन् प्याली. "हां," म्हणली, "आता घरचं लागतंय." अन् पिशवी खुंटीला अडकवली!

त्याच पाण्याचा चहा ठेवला. दूध टाकलं. फुटला. मी तो फुटका चहा बशीत ओतून भुरके मारत पेलो, अन् तुम्हाला सांगतो, इतका गोड चहा मी जन्मात पेलो नव्हतो.

आता रोजचंच झालंय. जावईबापू फोनवरून समुद्र गोड करतेत, सासूबाई सैपाकघरात परत खारा करतेत, अन् मी? मी गच्चीवर आरसा धरून उभा. थांबा, आरसा सरकवतो... सूर्य सरकला.