चार ओंजळी मीठ

मंडळी, सुरुवातीलाच एक विचारतो. अवघड नाही, मोक्षाबद्दल तर मुळीच नाही. आज दुपारी जेवलात ना? भाजी कसली होती?

बघा! एवढा भरलेला मांडव, आणि काय शांतता! ते खांबापाशी बसलेले काका बायकोकडे बघतायत. काकू, सांगू नका. त्यांचं त्यांना आठवू दे. हसता काय? मीही येताना आठवून पाहिलं. वांगं असावं. खात्री नाही.

आता मला सांगा — जो घास आपणच उचलला, आपणच चावला, तो चार तासांत हरवतो कुठे? आणि घासाची ही कथा, तर दिवसांचं काय झालं असेल? वर्षांचं? माझ्याकडे उत्तर नाही. एका बाईकडे आहे. तिच्या स्वयंपाकघरात जाऊ. चपला बाहेर काढा.

कोकणात कुडवणे नावाचं गाव. गावाची देवी वाघजाई. वर्षातून एकदा उत्सव, सहाशे पानं उठतात, आणि चाळीस वर्षं तो नैवेद्याचा स्वयंपाक एकाच बाईच्या हातचा — वेणूकाकूंच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. बाकीचं वर्ष म्हणजे त्या एका दिवसाची वाट बघणं.

नैवेद्याचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. देवीनं घेतल्याशिवाय कुणी चाखायचं नाही. जिभेला थेंब लावायचा नाही. आपण घरी आमटी सहादा चाखतो आणि सातव्यांदा मीठ घालतो. काकूंना ती सोय नाही. डोळा, कान आणि हात — एवढ्यावर सहाशे माणसांची आमटी. तपेल्यात चार ओंजळी खडेमीठ. चाळीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

मग एका वर्षी चुकलं.

काकू नेहमी शेवटच्या पंगतीला जेवायच्या. भात कालवला, पहिला घास घेतला, आणि हात तिथेच थांबला. आमटीत मीठ नव्हतं. कमी नव्हे — नव्हतंच. हात चाळीस वर्षं आपोआप चालत होता, आणि त्या दिवशी मिठाच्या वेळी आपोआपच थांबला. बाईला पत्ता नाही!

पण मंडळी, खरी गंमत पुढेच आहे. काकूंच्या आधी साडेपाचशे माणसं जेवून, हात धुऊन, विडा खाऊन घरी गेली होती. जाताना प्रत्येकानं दारातून सांगितलं होतं, काकू, आमटी नेहमीसारखी झक्कास!

दुसऱ्या दिवशी काकू देवस्थानच्या बैठकीत गेल्या. अध्यक्ष होते बापूसाहेब खांबेटे. माणूस सज्जन, फक्त घाईत. काकूंनी सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, माझ्या हातून देवीला अळणी नैवेद्य गेला.

बापूसाहेबांनी चष्मा काढला. "काकू, सहाशे माणसं जेवली. एकानं तरी तक्रार केली?"

"नाही."

"मग मीठ होतं."

"आणि देवीचं काय?"

"देवीचीही तक्रार आलेली नाही."

आणि वहीत ठराव लिहिला — आमटीत मीठ होते असे सर्वानुमते ठरले. काकूंनी घातलं नव्हतं, ते पंचांनी घातलं!

काकू बैठकीतून उठल्या त्या थेट गाभाऱ्यापुढे. म्हणाल्या, आई, पुढच्या वर्षी एकदा संधी दे. पुन्हा चुकले तर आमटीचा डाव कायमचा खाली ठेवीन. मंडळी, त्या बाईकडे ठेवण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं.

मग वर्षभर त्यांनी एकच केलं. जे हात करतोय, तिथे आपण हजर राहायचं. बस. ऐकायला सोपं वाटतं ना? पहिल्या आठवड्यात दाराला कडी घातली की नाही हे बघायला तीनदा वाटेवरून माघारी आल्या. तुळशीला पाणी घालताना मन विहिरीवर, विहिरीवर असताना मन चुलीशी. म्हणायच्या, पन्नास वर्षं मी या घरात राहत्ये असं समजत होते, पण मी घरी फारशी नव्हतेच.

उत्सवाचा दिवस आला. सकाळीच गरम झाकण घाईनं उचललं आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाला चटका बसला. कातडी सोलवटली. डाळ शिजली, घोटली, फोडणी बसली, गूळ पडला. आणि नेमके तेव्हा दाराबाहेर बापूसाहेब उभे! केळीची पानं कमी पडणार, पाहुण्यांचे पाट कुठे मांडू, कमान डावीकडे कललीय. काकूंना कमानीचं काय? पण दहा मिनिटं उत्तरं देत होत्या. अन् वळल्या तेव्हा तपेलं रटरटत होतं.

आणि आठवेना. मीठ घातलं की नाही?

बरणी बघावी, तर तिच्यातून भाजी करणारीनंही मीठ घेतलेलं, कोशिंबीरवालीनंही. चाखावं, तर नियम. न घालावं, तर गेल्या वर्षीचं पाप. पुन्हा घालावं, तर सहाशे पानांवर समुद्र! गाभाऱ्यातून गुरुजींची हाक आली, नैवेद्य आणा. मदतीच्या बायका म्हणाल्या, काकू, नेहमीसारखं अंदाजानं टाका की.

काकूंनी हात वर केला. "थांबा जरा."

बापूसाहेब दारातून म्हणाले, "अहो, वेळ टळेल!"

"देवी वर्षभर थांबलीय बापूसाहेब. पाच मिनिटं थांबेल."

आणि मंडळी, ती बाई धगधगत्या चुलीसमोर मांडी घालून बसली. डोळे मिटले. मन धावत होतं — डाव ठेवावा लागेल, लोक काय म्हणतील. त्याला बोलावून हातापाशी आणलं. मनगट दुखतंय, म्हणजे डाळ मी घोटली. नखं पिवळी, म्हणजे हळद पडली. बोटं चिकट आहेत, म्हणजे गूळ पडला आणि त्यानंतर हात धुतलेला नाही. मग आली त्या मधल्या बोटावर. सोललेलं बोट. चार ओंजळी खडेमीठ या बोटावरून गेलं असतं, तर ते आत्ता पेटलेलं असतं.

बोट शांत होतं.

अहाहा! देवीला साक्ष मागायला आपण डोंगर चढतो, नवस बोलतो, आणि साक्ष ठेवलेली कुठे? एका भाजलेल्या बोटाच्या टोकावर! आपला देह दिवसभर खरं तेच सांगत असतो हो. ऐकायला घरात कुणी नसतं.

काकू उठल्या. पहिली ओंजळ घेतली — असं झोंबलं, की डोळ्यांतून पाणी आलं. एक. दुसरी. दोन. तीन. चार. म्हणतात, काकू रडत होत्या आणि हसतही होत्या. चाळीस वर्षांत मीठ घालताना त्या पहिल्यांदा हजर होत्या.

नैवेद्य झाला. पंगत बसली. काकू डाव हातात धरून मधोमध उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पहिला घास घेताना बोलू नका. मला मीठ सांगा."

पंगतीनं भात कालवला. वारा केळीच्या पानांखालून जात होता तेवढाच आवाज. बापूसाहेबांनी घास घेतला. चावला. थांबले. पुन्हा घास घेतला. आणि तीस वर्षं त्या पंगतीत जेवलेला तो माणूस हळूच विचारता झाला —

"काकू, हिच्यात आमसूल असतं?"

"चाळीस वर्षं असतं."

बापूसाहेबांनी पान चाटूनपुसून स्वच्छ केलं, हात धुतला, वही मागवली आणि गेल्या वर्षीचा ठराव स्वतःच्या हातानं खोडला.

तर मंडळी, आपला ठराव काय? जगलो होतो असे सर्वानुमते ठरले? मघाचे खांबापाशी बसलेले काका — आठवली भाजी? नाही? असू द्या. गेलेला घास परत येत नाही. पण आरतीनंतर तुमच्या हातावर चिमूटभर प्रसाद पडेल. तो तोंडात टाकून चपला शोधायला धावू नका. जरा उभे राहा. त्यात खोबरं आहे, साखर आहे, आणि तिसरं एक काहीतरी आहे. ते काय, एवढं मला दारात सांगा आणि मग घरी जा.

मी दारातच उभा आहे. मलाही अजून चाखायचाय.