पेटीला करंट लागत न्हाई

न्हाई न्हाई, वायर कापायची न्हाई गोकुळदादा — कापा म्हणलं का मी? जरा ढिली करा म्हणलं. म्हंजी दुसऱ्या गाण्याला करंट गेल्यावानी व्हावं, बास. दौंडात करंट जायला कुणाची परवानगी लागती का? जातोच की. कुणाला संशय यायचा न्हाई, आन् तुमचं नाव तर मी घेणारच न्हाई — तुम्ही खुटबावचे, स्पीकरचे बॉक्स लावणार, टेम्पो भरून निघून जाणार. मला चर्चाच्या ह्याच मंडळीत म्हातारी व्हायचंय. थांबा, हिला ह्या खांद्यावर घेते. बया, पाय काढती दुपट्यातनं, पांढरा झगा आत्ताच चुरगाळला. चर्चात अजून कोण आलं न्हाई ना? बरं.

आता तुम्ही म्हणाल, देवाच्या घरात उभी राहून बाई असलं काय सांगती. सांगते. आज हिचा बाप्तिस्मा — म्हंजी पाळकसाहेब हिच्या डोक्यावर पाणी घालणार, नाव घेणार, तुमच्या बारशातलं थोडं आन् वरचं बरंच. पाणी घालायच्या आधी एक गाणं असतं, तेच दुसरं, आईबापाच्या आवडीचं. तिथंच घोडं पेंड खातंय. आमचे हे — सकाळी तुम्हाला बॉक्स उतरवू लागले ते, करंटवरचं पॅड ढोलकीवानी वाजवणारे, कुरकुंभला कंपनीत हायेत — हे म्हणले, नवं गाणं घेऊ, आमची टीम बसवती. मी म्हणलं, व्हय, घ्या. मग आत्यांनी, म्हंजी सासूबाईंनी विचारलं, जुनं गीत घेणार का गं, पेटीवरचं? म्हणलं, व्हय आत्या. दोघांनाबी व्हय! मला न्हाई म्हणायलाच येत न्हाई. दारात टोपल्या विकणारा आला तरी दोन घेते, वर रंग विचारते. तवा तुम्हीच सांगा, करंट गेला तर किती सोपं? पॅड बंद, गिटार बंद. पेटीला करंट लागत न्हाई. ज्ञानदेवमामा पेटी घेऊन पुढंच बसत्यात, हात थरथरतो पण सूर सोडत न्हाईत. पाळकसाहेब म्हणणार, मामा, चालू करा. म्हातारीचं मन राहिलं, ह्यांना कुणी न्हाई म्हणलं न्हाई, आन् पाप? तारेचं. — त्यो माईक असा बुटका का लावलाय वो? पोरं म्हणणारेत का काय?

तशी नवी गाणी वाईट न्हाईत हां. मला आवडत्यात. भाकरी थापताना पाय हालतो माझा. आन् पोरं त्या गाण्यांपायी आत येऊन बसाया लागली, आधी बाहीर गाड्यांवर बसून मोबाईल बघायची. पण माझी टाळी — सगळ्यांची झाली की मग माझी येती. शेजारी सारिका असती, तिच्या हाताकडं बघून वाजवते, तर तिनं नाक खाजवाया हात उचलला तरी मी टाळी वाजवून मोकळी. आन् शब्द भिंतीवर, लॅपटॉपातनं. मी सातवी शिकल्याली, पयली वळ वाचून व्हतीय तवर भिंतीवर तिसरी. मग काय — डोळे मिटायचे, हात वर, नुसते व्हट हालवायचे. बायका म्हणत्यात, सत्यजीतची बायको किती भक्तीत असती! एकदा लॅपटॉप मधीच बंद पडला, सगळे गप, आन् मी एकटी हात वर करून व्हट हालवतीय. आवाज न्हाई बरं का त्यात, नुसते व्हट. पाळकसाहेबांनी पुढनं विचारलं, बाई, प्रार्थना चाललीय का? म्हणलं, व्हय. तिथंबी व्हयच!

जुनं गीत मात्र वाचावं लागत न्हाई मला. इनामगावला आई खुरपताना म्हणायची, पाचीच्या पाची कडवी, मी मागनं म्हणायची. हिला झोपवाया म्हणते का म्हणता? न्हाई वो — ही दिवस भरायच्या लई आधी झाली. पुण्याला काचंत ठेवली हुती, अंगभर नळ्या. नर्सबाई म्हणल्या, आई, बोला बाळाशी, आवाज वळखतं. काय बोलू? शेजारणीशी दिवसभर बोलते, तोंड दुखत न्हाई. पोटच्या पोरीशी एक शब्द सुचंना. शेवटी म्हणलं, ‘जेवलीस का?’ नाकात नळी तिच्या! नर्सबाई तोंडाला हात लावून हसल्या. मग लाजंनं ते गीतच धरलं, पुटपुटत. पाचवं कडवं संपलं की भ्या वाटायचं — गाणं थांबलं आन् हिचा दम थांबला तर? लगीच पयलं धरायचं. एक दिस ते मशीन सारखं कोकलाया लागलं, मला बाहीर काढलं, तवा म्हणलं, देवा, हिला घरी आण, मी तुझ्या घरात सगळ्यांपुढं उभी राहून हेच म्हणीन. मोठ्यानं. एकटी. आता काय म्हणावं! रेशनच्या रांगंत ‘माझा नंबर हाय’ म्हणायला जीभ उचलत न्हाई, ती बाई देवाला असलं बोलून बसली. आन् त्यानं आणली की घरी. त्याच्याकडनं झालं. आता माझ्याकडनं राहिलंय.

आत्यांचं काय? आत्या तर परवाच म्हणल्या, जाऊ दे गं, वाजू दे पोराचं पॅड, त्या पॅडपायी तर चर्चात येतो, न्हाईतर नाईट करून रविवारी घोरत पडायचा — अगं बाई. तोंडातनं गेलं. बरं, न्हाई आत्यांसाठी. माझ्यासाठीच. मग? ह्यांना सांगू कसं? शिफ्टवरनं येऊन पिठाचा डबा मांडीत घेऊन, बडवून बडवून बसवलंय ते गाणं त्यांनी, पोरीसाठी, घरभर पीठ. त्यांना म्हणू, ठेवा बाजूला, मला वचन फेडायचंय? देवाला दिलेलं वचन पाळाया वायर ढिली करणारी बाई आख्ख्या पवित्र शास्त्रात सापडायची न्हाई गोकुळदादा, मीच पयली.

हसताय काय? — काय सांगितलं? कुणी, ह्यांनी? आज सकाळी? दुसऱ्या गाण्याला पॅडचा आवाज बंद ठेवायचा… एक माईक पेटीला… आन् त्यो बुटका — माझ्या उंचीचा? ‘ती हळू म्हणती, आवाज वाढवून ठेव’? असंच म्हणले? पाळकसाहेबांस्नीबी विचारलंय? पण ह्यांना कुठनं म्हाईत! हे तर काचेच्या बाहीर उभे असायचे, डबा हातात धरून, कंपनीच्या कपड्यात. मी विचारलं हुतं एकदा, तर म्हणले, इथनं काय ऐकू येत न्हाई.

ऐकू यायचं व्हय.

मग — मग आता खरंच म्हणावं लागंल की. सगळ्यांपुढं. आन् करंटबी जायचा न्हाई! घंटा झाली, लोक आले बघा. गोकुळदादा, ऐका ना — ती वायर… कापताच का जरा?

न्हाई? बरं. जावा मग, जावा तुमच्या बॉक्सपाशी, माझ्याशी बोलू नका आता. पयलं कडवं आठवंना झालंय मला.