किसनाची तार आन माझा चहा

चहा घेता घेता ऐका. आमच्या किसनानं रानडुकरायला कटाळून हरभऱ्याभोवती बॅटरीवरची, करंट मारनारी झटक्याची तार वढली. आता त्याच्या घरी सकाळचा चहा प्यायला जायची माझी वाट त्याच रानातून. तीच बंद!

"कावून बे, मला कावून अडवलं?"

"डुकरं लई माजलेत," एवढंच बोलला आन वळून गेला.

लई लागलं मनाला. इतक्या वर्साचा दोस्त, आन आपल्यालाच तार? म्हनलं, दाखवतोच तुला. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, तार धरल्याचं सोंग केलं आन "आयोव!" करून धाडकन आडवा. पाय झाडले, जीभ भायेर काढली. त्याची बायको, आमच्या वैनी, वरडतच आल्या, "आवो, पळा! भावजी तारंला चिकटले!"

किसना आला सावकाश. म्हनला, "अगं, रडू नको. ह्याच्या वाटणीचा चहा मला आण."

मी एक डोळा उघडला. "मेलेल्याचा चहा पितो व्हय बे?"

"बॅटरी अजून घरात बाजंखाली हाय, येड्या. तारंत काय बी न्हाई. ऊठ आन हे धर."

बघतो तर त्याच्या खांद्यावर नवं लाकडी फाटक. बरुबर माझ्या वाटंवर बसवायला आणलेलं.

"हे कुनासाठी?"

"समद्या डुकरायला बंदी केलीय. एका म्हाताऱ्या डुकराला तेवढं चहाला यावं लागतं."

आता रोज फाटक लोटलं की मीच वरडतो, "वैनी, डुक्कर आलं! चहा टाका!"